आण्णांचा नंबर

"केलं असशील तर सांग, शैला. मी पाठीशी आहे."

दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हे इतक्या मायेनं विचारलं, की ते माझ्यावर आळ घेतायत हे मला आधी कळलंच नाही. उलट चेहऱ्यावर कौतुक होतं. पोरीनं शाळेत कुणाला तरी बदडून यावं आणि बापानं वरवर रागवावं, तसलं.

"काय केलं असेन तर?"

"तेच की. सन्मतीचं नेट बंद."

"मी काही बंद केलेलं नाही, दादा."

"बरं बरं." त्यांनी खुर्ची ओढली. "पोलीस ठाण्यातनं फोन होता. त्यानं तक्रार ठोकलीय. आपण त्याच्या गिऱ्हाइकांची वाट मुद्दाम अडवलीय म्हणून. तुझं नाव आहे त्यात. सोमवारी जबाब द्यायला बोलावलंय."

"माझं नाव? का?"

"आता मी राउटरला हात लावत नाही हे सगळ्या इचलकरंजीला ठाऊक आहे. मग नाव कुणाचं घालेल?"

मी उभीच राहिले. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं मला.

ही गोष्ट आता जुनी झाली. मी तेव्हा भरतेश मगदूम यांच्या इंटरनेट कंपनीत होते. मगदूम बंधूंची कंपनी, असं पूर्वी म्हणायचे. भरतेशदादा थोरले, खांब, परवानग्या, वसुली, माणसं, हे सगळं त्यांचं. सन्मतीसर धाकटे, राउटर त्यांचे. दोघांच्या वडिलांनी, आण्णांनी, सुताला खळ लावायचा, सायझिंगचा धंदा विकून पोरांना हे काढून दिलं होतं. ऑफिस खाली, घर वर. मी डिप्लोमा करून लागले तेव्हा मला केबलची टोकं धड जोडता येत नव्हती. जे काही शिकले ते सरांच्या शेजारी खुर्ची टाकून.

बीजीपी, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कशा सांगतात ते, त्यांनीच शिकवलं. पुस्तक कधी उघडलं नाही त्यांनी. म्हणायचे, "ही दवंडी आहे, शैला. अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, असं आपला राउटर आपल्या नेटवर्कचा नंबर लावून शेजारच्याला ओरडून सांगतो. शेजारचा त्यावर आपला नंबर चढवतो आणि पुढच्याला सांगतो. दवंडी जगात कुठंही पोचली तरी ती कुणाकुणाच्या दारावरनं आली ते तिच्या पाठीवर लिहिलेलं असतं. मग जो तो आपापली वाट निवडतो. आधी बघायचं मालकाची पसंती काय, आणि मग वाटेत दारं किती." मला वाटायचं, एवढं सोपं असेल तर लोक परीक्षेत का नापास होतात.

मग भावाभावांत फाटलं. कशावरून ते मला नीट माहीत नाही, आणि जेवढं माहीत आहे तेवढं सांगण्यासारखं नाही. दोघांनी बसून सगळं वाटून घेतलं. गिऱ्हाइकं वाटली, केबलची ड्रमं वाटली, इंटरनेटचे पत्ते अर्धे अर्धे केले. इचलकरंजी आणि जयसिंगपूर, दोन्हीकडच्या ऑफिसांना जोडणारी मधली केबल काढून टाकली. सर जयसिंगपूरला गेले, तिकडची गिऱ्हाइकं त्यांची झाली. मी इकडे राहिले, कारण माझं घर इथंच जवळ, तारदाळला, आणि आई एकटी.

आणि त्या दिवसापासून एक विचित्र दुखणं लागलं. आमच्या गिऱ्हाइकांना अख्खं जग दिसायचं, फक्त सरांकडचं काही दिसायचं नाही. एखाद्या कारखानदाराचं ऑफिस इकडे आणि गोदाम जयसिंगपूरला असेल, तर गोदामाचे कॅमेरे त्याला ऑफिसातून दिसत नसत. मोबाइलच्या इंटरनेटवर लगेच दिसत. सरांकडच्या लोकांचंही तेच. लोक वैतागून म्हणायचे, मगदुमांच्या एका भावाचं घ्या नाहीतर दुसऱ्याचं, दोन्ही चालत नाही.

दादा म्हणायचे, सन्मतीनं अडवलंय. मी आमच्या राउटरमधली ओळ न् ओळ तपासली होती. अडवणारी एकही ओळ नव्हती. म्हणजे त्यांनीच अडवलं असणार, असं मलाही वाटायचं. वाईट वाटायचं, पण वाटायचं.

त्यातच आण्णा गेले. सर थेट स्मशानात आले, अग्नी दिल्यानंतर. बस्तीत, जैन मंदिरात, कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं त्यांना. थोरल्या भावानं कळवलं नाही, हे गावभर झालं. दादांनी त्यावर तोंड उघडलं नाही. त्यानंतर दोघं एकमेकांचं नावसुद्धा वाकडं तोंड केल्याशिवाय घेत नव्हते.

आणि आता तक्रारीत माझं नाव. आमच्या धंद्यात दुसऱ्याची वाट अडवणारी म्हणून एकदा नाव गेलं, की कुणी राउटरला हात लावू देत नाही. सराफाच्या दुकानात हात चलाख म्हणून नाव व्हावं तसंच ते. आणि हा ठपका माझ्यावर कोण ठेवतंय, तर ज्यांनी मला शिकवलं ते.

मी स्कूटी काढली आणि जयसिंगपूर गाठलं.

सरांचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्यावर होतं. मी जिना चढून गेले तेव्हा ते चपला काढून, मांडी घालून खुर्चीत बसले होते, पूर्वीसारखेच. केस मात्र पिकले होते.

"ये. वकील कुठाय?"

"खाली पार्क करतोय," मीही तिरकं म्हटलं. "सर, लाज नाही वाटली माझं नाव द्यायला?"

"वाटली. पण राउटर तुझ्या हातात आहे."

"आणि तुमचा तुमच्या हातात. तुम्ही अडवायचं आणि बोंब माझ्या नावानं मारायची?"

"मी अडवलंय?" ते हसले, पण हसणं काही खरं नव्हतं. "मी कशाला अडवू? माझीच गिऱ्हाइकं सोडून चाललीत. ज्याचा तुझ्या दादाच्या गिऱ्हाइकांशी व्यवहार आहे तो माझं कनेक्शन घेत नाही. अजून असंच चाललं तर हे दुकान बंद करून मी कुठंतरी नोकरी शोधणार आहे. दादाला हेच पाहिजे होतं."

"दाखवा मला."

"काय दाखवू?"

"तुमचा राउटर. उघडा. मी आमचा उघडते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. ज्याच्याकडे अडवणारी ओळ सापडेल त्यानं पोलिसात जायचं."

 मग त्यांनी दुसरी खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. मी लॅपटॉप काढला आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून आमचा राउटर उघडला.

आम्ही पुष्कळ वेळ बसलो. त्यांच्याकडे ओळ नाही. माझ्याकडे ओळ नाही. त्यांच्या यादीत जगातल्या सगळ्या वाटा, फक्त आमच्या पत्त्यांची वाट नाही.

"बघ. तू दवंडी देतच नाहीस."

"देते. हे बघा."

इंटरनेटवर काही सार्वजनिक पानं असतात. परदेशातल्या राउटरला जगाच्या वाटा कशा दिसतात, ते तिथं कुणालाही बघता येतं. मी तसलं एक पान उघडलं. आमचे पत्ते तिथं स्पष्ट दिसत होते. मग मी सरांचे पत्ते टाकले. तेही दिसत होते.

"जगाला आपण दोघं दिसतो," मी म्हटलं. "फक्त एकमेकांना नाही."

सर पुढं वाकले. दवंडीच्या पाठीवरचे नंबर ते बोटानं मोजल्यासारखे वाचत होते. आमच्या दवंडीचे वाचले. मग स्वतःच्या दवंडीचे वाचले. मग परत आमच्या दवंडीचे.

"शैला, तू नंबर कुठला वापरतेस?"

"आपलाच की."

"आपला म्हणजे?"

"आण्णांच्या नावावर घेतलेला. पहिल्यापासूनचा."

त्यांनी स्वतःच्या पडद्यावरचा नंबर परत वाचला. मग फार हळू म्हणाले, "मी पण तोच."

मला समजायला थोडा वेळ लागला. जगातल्या प्रत्येक नेटवर्कचा वेगळा नंबर असतो, आणि राउटर वाट निवडायला बसायच्या आधी एक गोष्ट तपासतो. आलेल्या दवंडीच्या पाठीवर आपलाच नंबर असेल तर ती मुकाट्यानं टाकून द्यायची. ही आपलीच बातमी, गावभर फिरून आपल्याच दारात आली, असं तो धरतो. तसं केलं नाही तर सगळं गोल गोल फिरत बसेल. नियम चांगला आहे. तो काही दोन भावांनी एकच नंबर धरून ठेवावा म्हणून केलेला नाही.

त्यांनी केबलची ड्रमं मोजून वाटली होती. खांब वाटले, खुर्च्या वाटल्या. नंबर कुणी वाटला नाही. तो दिसत नव्हता, म्हणून कुणाच्या ध्यानात आला नाही. दोघांनी गृहीत धरलं, की तो आपला. आमच्या राउटरला सरांची दवंडी यायची, त्याला वाटायचं ही माझीच, आणि तो टाकून द्यायचा. त्यांचा आमची टाकून द्यायचा. मधली केबल होती तोवर सगळं घरातल्या घरात होतं, त्यामुळं कधी अडलं नाही.

"हे मला दिसायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "मीच शिकवतो हे लोकांना."

"मग दिसलं का नाही?"

"बघितलंच नाही मी. दादानं केलंय हे माहीतच होतं. मग बघायचं कशाला?"

वरच्या मजल्यावरच्या घरातून त्यांच्या बायकोची हाक आली, दिवस मावळायला आलाय, जेवायला या म्हणून. सूर्यास्ताच्या आत जेवायचं, हे आण्णांनी घालून दिलेलं सरांनी कधी मोडलं नव्हतं. ते उठले नाहीत.

"तक्रार मी आजच मागं घेतो. तू दादाला सांग, मी काही बंद केलं नव्हतं. आणि…" ते थांबले. "त्यानंही केलं नव्हतं म्हणा. एवढंच सांग."

परतताना मी स्कूटीवर चक्क गाणं म्हणत होते. माझं नाव स्वच्छ झालं होतं. आणि मला वाटत होतं, आता दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतील, आणि पेढे मला मिळतील. अक्कल कमी, दुसरं काय.

दादा ऑफिसात एकटेच होते. मी सगळं सांगितलं, अगदी रंगवून. कुणीच कुणाला अडवलं नव्हतं. सगळा एका नंबराचा घोळ.

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही वेगळे झालात त्या दिवसापासून."

"सगळंच बंद होतं? म्हणजे कॅमेरे, वेबसाइट, हे सगळं?"

"इकडनं तिकडं काहीच जात नव्हतं."

"हा फोन?"

त्यांनी टेबलावरच्या फोनकडं बोट केलं. दोन्ही ऑफिसांतले फोन एकत्र असतानाच इंटरनेटवरून जोडलेले होते. एक बटण दाबलं की सरांच्या टेबलावर वाजायचा. ते बटण अजून तसंच होतं, त्यावर सन्मती लिहिलेली चिकटपट्टीसुद्धा.

"तो पण नाही लागणार," मी म्हटलं. "तो पण त्याच वाटेनं जातो."

दादांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि सावकाश बसले. तोंड एकदम उतरलं. मला वाटलं छातीत दुखतंय की काय.

"दादा? पाणी देऊ?"

"आण्णांचा श्वास लागला ना, त्या दिवशी," ते म्हणाले, "गाडीची किल्ली घ्यायला मी खाली आलो होतो. दुपारची वेळ. आण्णा वरती सन्मती सन्मती करत होते. मी हे बटण दाबलं."

मी त्या चिकटपट्टीकडं बघितलं.

"नुसतं पीं पीं वाजलं. परत दाबलं. परत तसंच. मी म्हटलं, ह्यानं माझी लाइनसुद्धा कापून टाकलीय. बाप मरायला टेकलाय आणि ह्यानं लाइन कापलीय."

"मोबाइल होता ना, दादा."

"खिशातनं काढला होता. नाव पण काढलं होतं त्याचं." त्यांनी हातानं तसं करून दाखवलं. "मग म्हटलं, जो टेबलावरचा फोन तोडून टाकतो तो मोबाइल काय उचलणार. नाव बघून कट करेल. आणि त्यानं कट केला असता, तर शैला, मला ते सोसलं नसतं. मी मोबाइल परत खिशात घातला."

"आणि आण्णा?"

"हॉस्पिटलात पोचेपर्यंत विचारत होते, लावलास का. मी म्हटलं, लावला, येतोय."

त्यांनी चष्मा काढला आणि तसेच बसून राहिले. वयानं एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या आवाजाला लोक टरकतात, तो असा रडताना मी पहिल्यांदा बघितला.  मी पाण्याचा ग्लास भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

"त्याला सांग," शेवटी ते म्हणाले. "मी लावला होता म्हणून सांग. मी सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. तू सांग, तुझ्यावर ठेवेल."

मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. रस्त्यावर उभी राहून, एका कानात बोट घालून सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"आण्णा माझं नाव घेत होते?"

"हो, सर."

"आणि दादानं मोबाइल काढला होता?"

"हो. त्यांना वाटलं, तुम्ही कट कराल."

"केला असता मी कदाचित," सर म्हणाले. "पहिल्यांदा केला असता. एकदा लावायचा होता, शैला. आणि मी कट केल्यावर परत एकदा. थोरला आहे ना तो."

हे मी दादांना सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. सरळ उपाय एकच होता. दोघांपैकी एकानं नवा नंबर घ्यायचा. मी दोघांना विचारलं. दादा म्हणाले, "नंबर आण्णांचा आहे. मी सोडणार नाही." सरांनी माझं वाक्य पुरतं ऐकून पण घेतलं नाही. "मी सोडणार नाही," तेही म्हणाले. आवाजसुद्धा दोघांचा सारखाच. त्या क्षणी दोघांनाही कानफटात द्यावी असं मला वाटलं.

मग दुसरा उपाय. राउटरमध्ये एक ओळ घालता येते: पाठीवर माझाच नंबर असला तरी ही दवंडी मी घेईन. दोन्हीकडं घालावी लागते. एकानं घालून चालत नाही, कारण जायची वाट आपल्या राउटरमध्ये असते आणि यायची समोरच्याच्या. मी इकडं घातली. सरांनी तिकडं घातली. मी पडद्याकडं बघत बसले. थोड्या वेळानं सरांचे पत्ते आमच्या यादीत आले, एकेक करून, जसे काही ते नेहमीच तिथं होते.

"आलं," मी म्हटलं.

दादा माझ्या मागंच उभे होते. ते आपल्या टेबलाशी गेले. फोन उचलला, बटणावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी दाबलं.

रिंग वाजत होती, मला ती माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होती. मग पलीकडं उचलला गेला.

"हॅलो," सरांचा आवाज.

दादा गप्प.

"हॅलो. कोण आहे?" आणि मग, थोडं थांबून, "दादा?"

दादांचे ओठ हलले. मला दिसत होतं, काहीतरी येतंय.  मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला हो, एक शब्द बोला, नुसतं नाव घ्या. पलीकडं सर थांबले होते. त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग दादांनी रिसीव्हर माझ्यापुढं धरला. 

"लाइन चालू झाली म्हणून सांग त्याला," ते म्हणाले.

मी रिसीव्हर कानाला लावला.

"सर, लाइन चालू झाली म्हणून…"

"ऐकलं मी," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.